त्या आजोबांच्या ईईजीत माझी बहीण होती

या सदरातले अनुभव मी दुपारी डबा खाताना वाचायचो आणि प्रत्येकाला मनातल्या मनात औषध लिहून द्यायचो. झोपेत कुणाच्या छातीवर कोणी येऊन बसलं... स्लीप पॅरालिसिस. कुणाला वारलेले काका रस्त्यात दिसले... चष्म्याचा नंबर तपासा. नसलेला वास आला, नसलेला आवाज आला, की म्हणायचो, या माणसाला माझ्याकडे पाठवा रे, अर्ध्या तासात स्क्रीनवर काढून दाखवतो. त्यामुळे मी इथे लिहायला बसलोय हे कळलं तर मला ओळखणारे हसतील. हसू देत.

मी सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका मेंदूविकाराच्या हॉस्पिटलमध्ये ईईजी टेक्निशियन आहे. नऊ वर्षं झाली. माझी खोली तळमजल्यावर, जिन्याखाली – बारा बाय दहाची, खिडकी नाही, एक कॉट, एक मशीन, एक एसी. ईईजी म्हणजे डोक्याला एकवीस वायरी चिकटवून मेंदूतल्या विजेच्या रेघा बघायच्या. शॉक बसत नाही, दुखत नाही आणि मनातलं कळत नाही – ही तीन उत्तरं मी दिवसातून दहा वेळा देतो. आदल्या दिवशी फोनवर बजावून सांगायचं, डोकं धुऊन या, तेल लावू नका. तरी निम्मे लोक चपचपीत तेल लावून येतात, कारण 'डॉक्टरकडं जायचंय, जरा नीट दिसावं'. मग मी ते तेल पुसत बसतो.

या कामातली खरी अक्कल म्हणजे खोट्या रेघा ओळखणं. पेशंटनं दात आवळले, पापणी मिटली, घाम आला, वायर सैल झाली, बाहेर कुणाचा मोबाईल वाजला, की स्क्रीनवर नाही नाही ते उमटतं. त्याला आम्ही आर्टिफॅक्ट म्हणतो. नवशिका माणूस आर्टिफॅक्ट बघून घाबरतो. मी घाबरत नाही. निदान तोपर्यंत तरी नव्हतो.

या कामात मी आलो तो माझ्या बहिणीमुळे. अश्विनी. घरात अशू. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. वडील लवकर गेले, आमची अव्वा, म्हणजे आई, घरी शेंगाचटणी आणि कडक भाकरी करून विकायची, त्यावर आम्ही दोघं वाढलो. अशू दीड वर्षाची असताना तिला तापात फिट आली होती, खूप लांबलेली. पुढे काही नाही. आम्ही विसरलोही. मग ती सात वर्षांची असताना एका संध्याकाळी अभ्यास करता करता म्हणाली, "अव्वा, शेंगा करपल्या बघ." अव्वा धावत आत गेली. गॅस बंद, कढई पालथी घातलेली. परत येऊन बघते तर अशू जमिनीवर, हातपाय ताठ, तोंडाला फेस.

पुढची दोन वर्षं जे जे होतं ते सगळं झालं. कांदा हुंगवला, चप्पल हुंगवली, हातात किल्ली दिली, गळ्यात तीन दोरे आले. अक्कलकोटकडचे आमचे एक मामा म्हणाले, पोटावर डाग दिला की आकडी कायमची जाती. विळा गॅसवर ठेवलाही होता त्यांनी. मी अशूला उचललं आणि रिक्षात घालून थेट डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी समजावलं – तापातल्या त्या लांब फिटनं डाव्या कानशिलाच्या आतल्या भागात व्रण राहिलाय. फिट तिथून सुरू होते. वास कळण्याची जागा तिथेच, म्हणून आधी वास येतो. करणी नाही, देवाचा कोप नाही. एक गोळी, सकाळ-संध्याकाळ, न चुकता.

आणि खरंच तेवढंच होतं हो! गोळी सुरू झाली आणि फिट कमी होत होत थांबल्या. पुढे मी टेक्निशियन झाल्यावर तिचा ईईजी मीच काढायचो. एकदा गोळी बदलायची होती, तेव्हा वायरी लावलेल्या असतानाच तिला फिट आली आणि सगळी रेकॉर्ड झाली. ती फाईल मी किती वेळा बघितली असेल, सांगता येणार नाही. डाव्या बाजूच्या टी-थ्री नावाच्या वायरीत आधी एक काटा उठायचा, टोकाशी दोन दात असलेला. मग दोन सेकंद शांत. मग परत तसाच काटा. मग एकामागून एक, आणि मग ती लाट सगळ्या डोक्यावर पसरायची. घरच्या माणसाचं अक्षर पाकिटावर बघितलं तरी कळतं ना, तसं मला ते पाठ झालं होतं.

नवी गोळी लागू पडली. सहा वर्षं एकही फिट नाही. बीकॉम झाली. आणि मग बार्शीचं स्थळ आलं.

आडतीचं दुकान, मुलगा शिकलेला, माणसं साधी. नाव ठेवायला जागा नव्हती. मी म्हटलं, आपण सांगून टाकू. अव्वा रडायला लागली. "शिवू, सांगितलं तर कोण करून घेईल रे तिला? सहा वर्षं झाली की बरी होऊन." अशूही म्हणाली, "अण्णा, नको ना. मी एकही गोळी चुकवणार नाही. शप्पथ."

मी रोज पेशंटच्या नातेवाइकांना सांगतो, लपवू नका, लपवून केलेलं लग्न पुढे पेशंटच्याच अंगावर येतं. आमच्या हॉस्पिटलच्या भिंतीवर तसं पोस्टर आहे, त्यातला मजकूर माझा आहे. आणि त्याच मी कॅल्शियमच्या गोळ्यांची एक मोठी डबी आणली, आतल्या गोळ्या काढल्या आणि अशूच्या गोळ्या पाकिटातून सोडवून त्यात भरल्या. फिट थांबलीच नाही तर नाकात मारायचा एक स्प्रे असतो. त्याच्यावर पांढरी पट्टी चिकटवून माझ्या हातानं लिहिलं – सर्दीसाठी. लग्न थाटात झालं.

दीड वर्ष सगळं नीट चाललं. मी दर दोन महिन्यांनी डबी भरून द्यायचो. सासूबाईंचा तिच्यावर फार जीव, ती त्यांना आत्या म्हणायची. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण या गोष्टीत वाईट माणूस शोधायला गेलात तर माझ्याशिवाय कुणी सापडणार नाही.

एका सोमवारी दुपारी तिचा फोन आला. हळू आवाजात बोलत होती.

"अण्णा, आत्यांनी गोळ्या टाकून दिल्या."

"कोणत्या?"

"त्याच की. मामंजींना मुतखडा झाला ना, कुणीतरी सांगितलं कॅल्शियमनं होतो म्हणून. म्हणाल्या, एवढ्याशा वयात कसलं गं कॅल्शियम, दूध पी की. आता रोज तांब्याभर दूध देतात. समोर बसून पाजतात..."

"कधी टाकल्या?"

"शुक्रवारी."

"आणि तू आज सांगतेस?"

"एकटी कुठं असते मी फोनवर बोलायला? आत्ता गच्चीवर कपडे वाळत घालायला आलेय."

मी म्हटलं, तिथल्या मेडिकलमधून घे, चिठ्ठीचा फोटो पाठवतो. ती म्हणाली, चौकातलं मेडिकल दाजींच्या चुलत भावाचं आहे, आणि एकटीनं दुसरीकडे जायचं तर काय सांगून जाऊ? यावर मी जे बोललो ते जसंच्या तसं लिहितो. मी म्हटलं, "बरं, रविवारी मी स्वतः घेऊन येतो. पाच-सहा दिवसांनी काही होत नाही. फक्त झोप नीट घे."

पाच-सहा दिवसांनी काही होत नाही! हे वाक्य एखादा नातेवाईक माझ्यासमोर बोलला तर मी त्याची बिनपाण्यानं करतो. गोळी अचानक बंद होणं हे फिट उलटण्याचं सगळ्यात मोठं कारण, हे मला झोपेत विचारलं तरी सांगेन. दुसरा टेक्निशियन रजेवर होता, पेशंट खूप होते, हे सगळं खरं आहे. पण बार्शी एसटीनं दोन तासांवर आहे. मनात आणलं असतं तर मंगळवारी जाऊन आलो असतो. मी मनात आणलं नाही, कारण दीड वर्षांत काही झालं नव्हतं आणि माणूस असाच गाफील राहतो.

शुक्रवार. सकाळी अकरा चाळीसला मी एका पेशंटचं रेकॉर्डिंग सुरू केलं. मोहोळकडचे आजोबा, सत्तरीच्या पुढचे, उठताना चक्कर येते म्हणून डॉक्टरांनी पाठवलेले. सून बाहेर बाकावर बसलेली. डोक्याला तेल होतंच.

"करंट बसंल व्हय रं?"

"न्हाय आजोबा, मशीन फक्त ऐकतं, बोलत न्हाय."

"मंग बरं हाय. आमच्या घरात समदी बोलत्यात, ऐकत कुनीच न्हाय."

मी हसलो. त्यांच्या रेघा सुंदर होत्या, त्या वयात इतका नीट मेंदू क्वचित बघायला मिळतो. बारा मिनिटं सगळं छान चाललं. अकरा बावन्नला टी-थ्रीत एक काटा उठला. टोकाशी दोन दात. दोन सेकंद शांत. परत काटा.

खोटं कशाला बोलू, मला पहिल्या दहा सेकंदांत कळलं होतं. मी मनात म्हटलंही – अरे, ही तर अशूची!

तेवढ्यात आजोबा डोळे मिटल्या मिटल्याच म्हणाले, "कुटं तरी शेंगा करपाय लागल्यात की. हितं हाटेल हाय का?"

मला कसलाही वास आला नाही. खोलीला खिडकी नाही, दार बंद होतं, आणि आमच्या हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये चहा-बिस्किटांशिवाय काही मिळत नाही.  माझे हात कामाला लागले, कारण त्यांना तीच सवय. टी-थ्रीची वायर काढून परत चिकटवली. जोडणी तपासली, ठीक. आजोबांना तोंड उघडं ठेवायला सांगितलं. एसी बंद केला. बाहेर जाऊन सुनेचा मोबाईल बंद करायला लावला. आत येऊन बघतो तर लाट सगळ्या वायरींत पसरलेली, एकवीसच्या एकवीस, स्क्रीन नुसती काळी झालेली. असा ईईजी ज्याचा असतो तो माणूस कॉटवर उडत असतो, त्याला धरायला दोन जण लागतात. आणि आजोबा पोटावर हात ठेवून निवांत पडलेले. म्हणाले, "ह्ये झाल्यावर च्या मिळंल का?"

पाच मिनिटं झाली. फिट पाच मिनिटांच्या वर गेली की आपोआप थांबायची वाट बघायची नसते, औषध द्यायचं असतं. हेही त्याच पोस्टरवर आहे. मी घड्याळ बघत होतो. सात मिनिटं. दहा.

बार्शीला फोन करावा, हे मनात आलं. एकदा नाही, तीन-चार वेळा आलं. मोबाईल बाहेरच्या टेबलावर होता, सहा पावलं. पण फोन करून काय सांगू? सासूबाईंना काय म्हणू, माझ्या पेशंटच्या डोक्यात तुमची सून दिसतेय? आणि समजा, म्हटलंच, काकू, अशूला बघा, कपाटात सर्दीचा स्प्रे आहे तो तिच्या नाकात मारा... तर त्या विचारणार, का? आणि मग सगळंच सांगावं लागणार. एका सैल वायरीवरून मी बहिणीचा संसार मोडू? असा विचार करत मी तिथेच उभा राहिलो. तेव्हा हा विचार मला फार शहाणपणाचा वाटला होता.

बारा चौदाला लाट एकदम थांबली आणि सगळ्या रेघा सपाट झाल्या. बावीस मिनिटं. सपाट म्हणजे जिवंत माणसाच्या दिसत नाहीत इतक्या सपाट. त्या सपाट रेघांसमोर आजोबा मला त्यांच्या नातवाच्या नोकरीबद्दल सांगत होते. चार मिनिटांनी त्यांच्या स्वतःच्या रेघा परत आल्या, पहिल्यासारख्या सुंदर. मी नोंद टाकली – आर्टिफॅक्ट, सैल वायर? – आणि त्यांच्या डोक्यावरची पेस्ट पुसली. चहा पण आणून दिला.

बारा एकतीसला दाजींचा फोन आला. पुढचं तुम्हाला कळलंच असेल.

बार्शीला पोचेपर्यंत तिला घरी आणून ठेवलं होतं. कपाळावर विभूती लावली होती, केस ओले होते. अव्वाला धरून कुणीतरी आत नेलं. सासूबाई माझा हात सोडेनात. "न्हाऊन आली, देवापुढं उभी राहिली, आन् मला म्हनली, आत्या, शेंगा करपल्या का? म्या म्हनलं, न्हाय गं, आज भाजल्याच न्हाईत. वळून बगती तर ही खाली." त्यांनी कांदा फोडून नाकाशी धरला. शेजारणीनं चप्पल आणली. दातखीळ उघडायला चमचा घातला. दाजी दुकानातून आले, रिक्षा मिळाली, दवाखान्यात बारा वीसला डॉक्टरांनी बघून मान हलवली.

माती झाल्यावर दाजींनी रडत रडत फोन दाखवला. आईचा पहिला कॉल अकरा चोपन्नचा. म्हणजे ती त्या कॉलच्या एक-दोन मिनिटं आधी पडली.

तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी तिचं सामान दिलं. साड्या, इष्टलिंगाची डबी, पर्स. म्हणाल्या, "ही सर्दीची बाटली पन हाय बगा, उगडली पन नव्हती." मग सगळे बाजूला गेल्यावर त्यांनी विचारलं, "म्या तिला रोज तांब्याभर दूध पाजत हुते. लई दूध पिऊन आसं काय हुतंय का रं? तुला म्हाईत असंल." मी म्हटलं, नाही काकू, दुधानं काही होत नाही. एवढंच म्हटलं. खरं अजून सांगितलेलं नाही. कुणासाठी लपवतोय आता, मलाही माहीत नाही. इथली नावंही मी बदललेली आहेत.

पंधरा दिवसांनी कामावर गेलो आणि आमच्या डॉक्टरांना आजोबांची फाईल दाखवली. शेजारी अशूची जुनी फाईल उघडून ठेवली. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ बघितलं. म्हणाले, "डाव्या बाजूच्या फिट बऱ्याचशा अशाच दिसतात. तू दुःखात आहेस, तुला सगळीकडे तीच दिसणार." मी विचारलं, मग आजोबा शांत कसे? म्हणाले, "म्हणूनच आर्टिफॅक्ट." मी शेंगांचं सांगितलं नाही. त्यांनी पुन्हा ईईजी करायला सांगितला. आजोबा आले, पुन्हा तेल लावून. अगदी नॉर्मल. मला म्हणाले, "त्या दिवशी रं लई वास येत हुता." कंपनीचा इंजिनिअर पुण्याहून आला, त्यानं मशीन उघडून प्रत्येक वायर तपासली आणि रिपोर्टवर लिहिलं, दोष आढळला नाही.

इथे लिहिणारे बहुतेक जण म्हणतात, आमच्यावर विश्वास ठेवा. माझं उलटं आहे.

अव्वाला बार्शीच्या लोकांनी सांगितलंय की अशू दोन मिनिटांत गेली, तिला काही कळलंही नाही. असंही होतं. फिट लगेच थांबते आणि माणूस तसाच शांत जातो, मी अशा केसेस बघितल्या आहेत. त्या धावपळीत कुणी घड्याळ बघितलं नाही, त्यामुळे फिट किती वेळ चालली हे जगात कुणालाच माहीत नाही. अव्वा दर दोन-चार दिवसांनी चटणी कुटता कुटता थांबते आणि विचारते, "शिवू, तुला तर यातलं सगळं कळतंय. दोन मिनिटांतच गेली ना रे?" मी म्हणतो, होय अव्वा, दोनच मिनिटं. आणि ती परत कुटायला लागते.

स्क्रीनवर जे होतं ते अशूचं नसेल, तर अव्वाला मी खरं सांगतोय. असेल, तर माझी बहीण बावीस मिनिटं झगडत होती आणि ती सगळी मी बघत होतो, समोर बसून, घड्याळ लावून, सहा पावलांवर फोन असताना. कदाचित ती मला हाक मारत होती, जी एकच भाषा मी वाचू शकतो त्या भाषेत, आणि मी खाली लिहिलं – सैल वायर.

काय होतं ते, मला माहीत नाही. उत्तर माझ्याकडे नाही, डॉक्टरांकडे नाही, त्या इंजिनिअरकडेही नाही. तुमच्यात कुणी जाणकार असतील, मशीनमधले, मेंदूतले, कशातलेही, तर माझं एवढं एक काम करा. मला भुताखेताच्या गोष्टी सांगू नका, तिचा आत्मा तुला भेटून गेला असलं काही लिहू नका. मशीन बिघडलं होतं, एवढंच लिहा. कसं बिघडलं ते जमेल तसं समजावून सांगा, मी मान्य करीन.